वावरातून काय गेलं?

मोर्णा नदी अकोला शहराच्या मधून वाहते. पश्चिम काठाला असदगड, राजराजेश्वराचं देऊळ आणि त्यांच्याभोवती दाटलेलं जुने शहर; पूर्वेला ताजनापेठ आणि इंग्रजांच्या काळात उभ्या राहिलेल्या कचेऱ्या. जानेवारी २०१८ मध्ये हजारो अकोलेकर या पात्रात उतरले आणि नदी झाकून टाकणारी जलकुंभी त्यांनी ओढून काठावर आणली. देशभर त्या मोहिमेचं कौतुक झालं आणि ते योग्यच होतं. पण जलकुंभीला नुसतं काढून भागत नाही, तिचं जेवण तोडावं लागतं. मनासारखं पाणी मिळालं की ती दोन आठवड्यांच्या आत दुप्पट होते. इतक्या वेगानं पानं फुटायची तर नत्र आणि स्फुरद (फॉस्फरस) भरपूर लागतं. मोर्णेत ते शहराच्या नाल्यांतून येतं, नाल्यांत ते मोऱ्यांतून आणि संडासांतून येतं, आणि घरात ते पोळी, भाकरी, वरण, दूध, अंडी यांतून येतं. त्याच्या आधी ते वावरात होतं.

खतांवरची पुस्तकं बहुधा पोत्यापासून सुरू होतात. अमुक पिकाला एकरी इतकी पोती युरिया, इतकी पोती डीएपी. मला दुसऱ्या टोकाकडून यावंसं वाटतं. वावरातून काय गेलं, कुठे गेलं आणि त्यातलं परत काय आलं, हे कळल्याशिवाय पोत्यांच्या आकड्यांना अर्थ येत नाही.

भारतीय आहार घेणारा माणूस वर्षाकाठी मलमूत्रावाटे साधारण अडीच ते तीन किलो नत्र आणि ४०० ग्रॅम फॉस्फरस बाहेर टाकतो. २०११ च्या जनगणनेत अकोला शहराची लोकसंख्या ४,२५,८१७ होती. गुणाकार केला तर एकटा फॉस्फरसच वर्षाला १७० टनांच्या घरात जातो. तेवढा फॉस्फरस डीएपीच्या रूपात विकत आणायचा म्हटलं तर ५० किलोची जवळपास १७ हजार पोती लागतील. सगळाच काही नदीत जात नाही. बराचसा सेप्टिक टाकीच्या तळाशी बसतो, जमिनीत मुरतो. पण वावरात त्यातला फारसा परतत नाही. मोर्णा पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला आणि तापी अरबी समुद्राला. मोरोक्को किंवा जॉर्डनच्या खाणीतून निघालेला फॉस्फेटचा दगड जहाजानं भारतात येतो, कारखान्यात त्याचं खत होतं, ते अकोट-तेल्हाऱ्याच्या रानात पेरलं जातं, आणि दोन-चार हंगामांत त्यातला काही भाग समुद्राकडे निघालेला असतो. नत्राची गोष्ट त्या मानानं सोपी आहे, कारण हवेतला नत्र संपणारा नाही. फॉस्फरसला हवेतली वाट नाही. तो खडकातून येतो आणि एकदा समुद्राच्या तळाशी गेला की माणसाच्या हिशेबानं कायमचा गेला.

ही गळती आजची नाही. आपल्या गावांचे दोन भाग असतात, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे शेतं, पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पिढ्यान्‌पिढ्या धान्य, कडबा, सरपण काळीतून पांढरीत येत राहिलं. चुलीची राख, जनावरांची हाडं, गोठ्याचा केरकचरा, पडलेल्या मातीच्या भिंती, सगळं पांढरीतच साचत गेलं. म्हणून जुन्या वस्तीच्या टेकाडात फॉस्फरस आसपासच्या रानापेक्षा कितीतरी जास्त भरतो. पुरातत्त्वाचे अभ्यासक मातीतला फॉस्फेट मोजून बुजलेली वस्ती शोधतात ते याच आधारावर. जुन्या गढीची माती वावरात नेऊन टाकण्याची रीत आपल्याकडे होती. इजिप्तमध्ये तर प्राचीन शहरांची टेकाडं खतासाठी इतकी उकरली गेली की कित्येक अवशेष त्यातच नाहीसे झाले. शेतकऱ्याला रसायनशास्त्र ठाऊक नव्हतं, पण कसदार माती कुठे साचली आहे हे पक्कं ठाऊक होतं.

आता वऱ्हाडाच्या मालाकडे वळू. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडाचं पांढरं सोनं जगाच्या डोळ्यांत भरलं. १८७० साली खामगावची रेल्वे सुरू झाली तेव्हा खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उद्घाटनाला आले होते. गाठींवर गाठी मुंबईला जाऊ लागल्या. एवढा माल दरसाल बाहेर जातो म्हटल्यावर जमीन झपाट्यानं नापीक व्हायला हवी होती. ती झाली नाही, आणि त्याचं कारण रुईच्या धाग्यातच आहे. रुई म्हणजे जवळपास ९५ टक्के सेल्युलोज. सेल्युलोजमध्ये कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांखेरीज काही नसतं. हे तिन्ही झाड हवेतून आणि पाण्यातून घेतं. नत्र, स्फुरद, पालाश (पोटॅशियम) सरकीत असतं. एक क्विंटल कापूस वटवला की ३४-३५ किलो रुई आणि ६३-६४ किलो सरकी निघते. सरकी बैलांना आणि म्हशींना घातली, शेण उकिरड्यावर गेलं, उकिरडा उन्हाळ्यात वावरात पसरला, की मुंबईला गेली ती नुसती हवा आणि पाणी. पैसा आला आणि कस गावातच राहिला. सगळ्यांनी असंच केलं असं मी म्हणणार नाही; शेणाच्या गोवऱ्या तेव्हाही थापल्या जात होत्या आणि गोवरी जळाली की तिच्यातला नत्र धुराबरोबर जातो. पण निदान हिशेब जुळण्याची सोय तरी होती.

ज्वारीचंही तेच. दाणे घरच्या माणसांनी खाल्ले, कडबा जनावरांनी खाल्ला, धसकटं वावरातच कुजली. १९९० नंतर ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली आणि हिशेब उलटला. सोयाबीनच्या दाण्यात ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. दहा क्विंटल सोयाबीन बाजारात गेलं की त्याबरोबर ६० ते ६५ किलो नत्र, सहा किलोच्या आसपास फॉस्फरस आणि त्याच्या तिप्पट पोटॅशियम जातं. नत्रातला निम्माअधिक भाग सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतून मिळवून देतात, म्हणून ते नुकसान डोळ्यांवर येत नाही. बाकीचं सगळं जमिनीतून जातं. तेलाच्या गिरणीत या दाण्याचे दोन भाग होतात. तेलात पुन्हा कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन एवढंच. उरलेलं सगळं ढेपेत. ती ढेप कुठल्यातरी दूरच्या कोंबड्यांच्या खाद्यात जाते, काही परदेशातही. शेतकऱ्याकडे राहतं ते कुटार, आणि मळणी यंत्र वावराच्या कोपऱ्यात लावलेलं असेल तर कुटाराचा ढीगही तिथेच पडून राहतो. घरी बैल नसले तर त्याला विचारणारं कोणी नसतं. वऱ्हाडात बैल कमी झाले आणि ट्रॅक्टर आले, हा बदल आपण मजुरीच्या आणि डिझेलच्या भाषेत मोजतो. जमिनीच्या बाजूनं पाहिलं तर तो खताचा रस्ता बंद होण्याचाही बदल आहे.

ही जमीन मुळात श्रीमंत आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हारस पसरला, त्याचा काळा दगड झिजून आपली काळी माती झाली. तिच्यातल्या चिकणमातीचे कण पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक रचलेले असतात; पाणी शिरलं की पानं फुगून दूर होतात, वाळलं की मिटतात. म्हणून ही माती पावसाळ्यात चिकटते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. या पानांवर ऋण विद्युतभार असतो आणि त्याला कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम चिकटून राहतात. कोकणातल्या तांबड्या जांभ्या मातीला पावसानं धुऊन काढलेलं असतं; काळी माती मात्र जवळचं सहजी सोडत नाही. पालाश तर तिच्यात इतका की वर्षानुवर्षं कोणी पालाश टाकला नाही तरी पिकं आली. केळीसारखं पालाशाचं भुकेलं पीक घेणाऱ्या अकोट-अंजनगावच्या पट्ट्यात तेवढं चालत नाही, इतकंच.

पण असणं वेगळं आणि मिळणं वेगळं. काळ्या मातीत चुनखडी असते, तिचा सामू बहुधा आठच्या वर असतो. त्यामुळे स्फुरद टाकलं की ते कॅल्शियमबरोबर बांधलं जाऊन घट्ट होतं. पहिल्या पिकाला त्यातलं १५-२० टक्केच हाती लागतं. गंमत म्हणजे कोकणातही तेवढंच मिळतं, पण तिथे ते लोह आणि ॲल्युमिनियम बांधून ठेवतात. उपाय दोन्हीकडे सारखा: स्फुरद मातीत पसरून मिसळायचं नाही, बियाण्याजवळ पट्ट्यात पेरायचं. तिफणीमागे सरता धरून खत पेरणाऱ्या बाईनं जे काम केलं आहे त्याची किंमत या एका वाक्यात आहे. वावरभर फेकलेल्या डीएपीपेक्षा सरत्यातून ओळीत पडलेलं डीएपी मुळांच्या कितीतरी जास्त उपयोगी पडतं.

नत्राची तऱ्हा दुसरी. युरियात ४६ टक्के नत्र असतो. पण झाड युरिया जसाच्या तसा फारसा घेत नाही. मातीतलं युरिएज नावाचं विकर आधी त्याचा अमोनिया करतं. अल्कधर्मी काळ्या मातीवर युरिया उघडा फेकला आणि पाऊस लांबला, की तो अमोनिया वायू होऊन उडतो. उलट सलग झड लागून वावर चिबडलं, तर जिवाणू नत्राचा वायू करून हवेत सोडतात. टाकलेल्या नत्रातला निम्माही अनेकदा पिकापर्यंत पोचत नाही. डवरणीच्या पाळीबरोबर युरिया मातीआड करणं, एका वेळी सगळा न देता हप्त्यानं देणं, २०१५ पासून सक्तीचा झालेला कडुनिंबाचा लेप, हे सगळे या दोन गळत्या थोड्या बुजवण्याचे प्रयत्न आहेत. १९१३ मध्ये जर्मनीत हवेतल्या नत्रापासून अमोनिया बनवणारा पहिला कारखाना सुरू झाला आणि जगाला पोटभर अन्न पिकवण्याची किल्ली मिळाली. तो नत्र परत हवेत सोडण्यात आपण फार उदार आहोत, याचं मला मनापासून वाईट वाटतं. कारण तो गॅस जाळून, परकीय चलन मोजून मिळवलेला असतो.

गंधकाची कथा त्याहून शिकवणारी आहे, कारण ती कोणाच्या लक्षात न येता घडली. पूर्वी शेतकरी सिंगल सुपर फॉस्फेट आणि अमोनियम सल्फेट वापरायचे. सुपर फॉस्फेटमध्ये १६ टक्के स्फुरद असतं आणि त्याच्या जोडीला ११ टक्के गंधक. अमोनियम सल्फेटमध्ये गंधक २३ टक्क्यांच्या आसपास. कोणी गंधकासाठी ती घेत नव्हतं, ते आपसूक पडत होतं. मग युरिया आणि डीएपी आले. पोती कमी, वाहतूक स्वस्त, अन्नद्रव्य दाट. पण दोन्हींत गंधक नाही. त्याच सुमारास सोयाबीन आलं, आणि तेलबियांना गंधक जास्त लागतं. एकीकडून आवक थांबली, दुसरीकडून उपसा वाढला. प्रथिनातले दोन घटक, मेथिओनिन आणि सिस्टीन, गंधकाशिवाय बनत नाहीत. तेव्हा गंधक कमी पडलं की उत्पन्नाबरोबर दाण्याची प्रतही उतरते. १ एप्रिल २०१० पासून केंद्र सरकारनं स्फुरद आणि पालाशाच्या खतांचं अनुदान अन्नद्रव्यानुसार ठरवलं, युरिया मात्र नियंत्रित किमतीतच ठेवला. बाकीची खतं महागली, युरिया स्वस्त राहिला, आणि पैशानं गांजलेल्या शेतकऱ्यानं जे परवडलं ते टाकलं. त्याला दोष देता येत नाही. दोष किमतींच्या रचनेचा आहे.

नुसतं नत्र टाकत गेलं तर काय होतं, हे पाहायला अकोल्याच्या लोकांना दूर जावं लागत नाही. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ २० ऑक्टोबर १९६९ ला इथे स्थापन झालं. त्याच्या प्रक्षेत्रावर १९८८ पासून एक प्रयोग चालू आहे: तेच वावर, तेच वाफे, खरिपात ज्वारी आणि रब्बीत गहू, आणि प्रत्येक वाफ्याला दरवर्षी ठरलेलं तेच खत. ज्वारीला हेक्टरी १०० किलो नत्र, ५० स्फुरद, ४० पालाश; गव्हाला १२०, ६०, ६०. एका वाफ्याला ही पूर्ण मात्रा, एकाला निम्मी, एकाला दीडपट. एकाला नुसतं नत्र. एकाला नत्र आणि स्फुरद, पालाश नाही. एकाला सगळं, पण गंधक वगळून. एकाला पूर्ण मात्रा आणि वर शेणखत. एकाला नुसतं शेणखत, आणि एकाला काहीच नाही. इंग्लंडमध्ये रॉथॅमस्टेड इथे १८४३ पासून गव्हाचा असाच प्रयोग चालू आहे; आपल्या देशात अशा दीर्घकालीन प्रयोगांची साखळी १९७० च्या सुमारास उभी राहिली आणि त्यातलं काळ्या मातीचं एक ठिकाण अकोला.

असे प्रयोग बातमीत येत नाहीत, कारण एका वर्षात त्यांतून काहीच निघत नाही. त्यांची किंमत पंधराव्या-विसाव्या वर्षी कळते. नुसत्या नत्राच्या वाफ्यातलं उत्पन्न वर्षागणिक खाली येत गेलं, कारण नत्रानं पीक वाढवलं आणि वाढलेल्या पिकानं स्फुरद, गंधक, जस्त अधिक वेगानं उपसलं. जर्मन शास्त्रज्ञ लिबिगनं १८४० च्या दशकात सगळ्या जगाला पटवलेला नियम, की सगळ्यांत कमी असलेलं अन्नद्रव्य पिकाची मर्यादा ठरवतं, तो इथे ज्वारीच्या कणसांत मोजता आला. गंधक वगळलेला वाफा पूर्ण मात्रेच्या मागे पडला. आणि पूर्ण मात्रेबरोबर शेणखत मिळालेला वाफा सातत्यानं वर राहिला. उत्पन्नातही आणि मातीतल्या सेंद्रिय कर्बातही. सेंद्रिय की रासायनिक, हा वाद आपल्याकडे फार त्वेषानं घातला जातो. तीन दशकांहून अधिक काळ जे वाफे शांतपणे उत्तर देत आले आहेत, त्यांचं उत्तर दोन्ही असं आहे.

शेणखताचा हा प्रभाव त्यातल्या नत्र-स्फुरदापुरता नसतो. इथे आपल्या हवामानाचा भाग येतो. अकोल्याचा पारा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. माती जितकी तापते तितके जिवाणू सेंद्रिय पदार्थ वेगानं फस्त करतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याचा वेग ढोबळमानानं दुप्पट होतो. रॉथॅमस्टेडच्या थंड मातीत ह्यूमस दीर्घकाळ टिकतो, वऱ्हाडात तो दर उन्हाळ्यात जळतो. इथे सेंद्रिय कर्ब एकदा भरून ठेवता येत नाही, दरवर्षी द्यावा लागतो. १९२४ ते १९३१ या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी काळ्या मातीवरच काम करून कंपोस्टची इंदूर पद्धत बसवली. तिथे मुख्य कच्चा माल होता पऱ्हाट्यांसारखा शेतातला काडीकचरा. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी पुढे त्यालाच सोपं रूप दिलं. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भोकं ठेवलेल्या विटांची टाकी. काडीकचरा, माती आणि अगदी थोडं शेण. तीन-चार महिन्यांत खत तयार. नाडेप हे नाव त्यांच्याच नावाच्या आद्याक्षरांवरून आलं आणि देशभर गेलं. शेण कमी झालेल्या काळासाठी ती फार विचारपूर्वक केलेली रचना आहे, आणि पऱ्हाट्या बांधावर पेटवून दिलेल्या दिसल्या की मला त्या टाकीची हमखास आठवण होते.

नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. कर्जानं खत-औषधं विकत घेण्याच्या चक्रातून शेतकऱ्यानं बाहेर पडावं, ही त्यांची तळमळ खरी आहे आणि २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. झाडाच्या वजनातला फक्त दीड-दोन टक्के भाग जमिनीतून येतो, हे त्यांचं म्हणणंही वजनाच्या दृष्टीनं वास्तवाला धरून आहे. पण तो दीड-दोन टक्के टाळता येत नाही. त्यांच्या पद्धतीतल्या जीवामृत या द्रावणात २०० लिटर पाण्यात दहा किलो शेण, पाच-दहा लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन असतं. त्या सगळ्यात मिळून नत्र २०० ग्रॅमच्या आसपास भरतो. एकरभर कपाशीला लागणारा नत्र किलोंनी मोजावा लागतो. जीवामृत जिवाणूंना चालना देत असेल, तर ते जिवाणू मातीत आधीच असलेलं मोकळं करतील. आपल्या काळीत पालाशाचा साठा मोठा आहे, तिथे हे काही काळ चालेल. नत्र मात्र कुठून तरी यायला हवा. पाळेकरांच्या पद्धतीत तो येतो द्विदल आंतरपिकांतून, आणि माझ्या मते त्या पद्धतीतला सगळ्यांत भक्कम भाग तोच आहे: कपाशीत तूर, कपाशीत मूग.

कपाशीचं नाव निघालं म्हणून लाल्याबद्दल. सप्टेंबर-ऑक्टोबरात बोंडं भरायला लागली की पानं कडेनं लाल होतात, मग अख्खं वावर लाल दिसतं आणि पानं गळतात. शेतकरी फवारणीच्या दुकानात धावतो, पण लाल्या हा रोग नाही. त्यामागे जंतू नाही. बोंडांना एकदम नत्र आणि मॅग्नेशियम लागतं, मुळांकडून तेवढं पोचत नाही, म्हणून झाड स्वतःच्या पानांतून ते काढून बोंडांना देतं. हरितद्रव्य मोडतं, लाल रंगाचं अँथोसायनिन उरतं. रात्री थंड पडल्या की हे आणखी वाढतं. २००२ मध्ये बीटी कापूस आला त्यानंतर लाल्या जास्त दिसू लागला, आणि त्याचं एक कारण सरळ आहे: पूर्वी बोंडअळीनं पाती-फुलं गळायची, आता जवळपास सगळीच बोंडं झाडावर टिकतात आणि एकाच वेळी मागणी करतात. एक टक्का मॅग्नेशियम सल्फेट आणि दोन टक्के युरिया किंवा डीएपीची फवारणी वेळेवर केली तर पान वाचतं. आधीच पूर्ण लाल झालेलं पान परत हिरवं होत नाही.

वरूड-मोर्शीच्या संत्र्यात अशीच फसगत लोहाची होते. कोवळी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. मातीत लोह ढिगानं असतं, पण चुनखडीमुळे ते विरघळत नाही आणि झाड उपाशी राहतं. तिथे जमिनीत हिराकस ओतून फारसा उपयोग होत नाही, कारण तेही तसंच अडकतं. पानांवर फवारणी किंवा चिलेटेड लोह उपयोगी पडतं. आणि त्याहून आधी खुंट निवडताना विचार हवा, कारण रंगपूर लाइमचा खुंट चुनखडी जंभेरीपेक्षा बरा सोसतो.

सगळ्यांत अवघड प्रश्न मात्र पूर्णेच्या खोऱ्यात आहे. श्रावणातल्या शेवटच्या सोमवारी अकोल्याचे हजारो कावडधारी गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी खांद्यावर घेऊन जुन्या शहरातल्या राजराजेश्वराला येतात. ते ज्या रस्त्यानं चालतात त्याच्या दोन्ही बाजूंना अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला खारपाणपट्टा आहे. इथली विहीर भरलेली असली तरी तिचं खारं पाणी ओलिताला चालत नाही. सोडियम चिकणमातीच्या पानांना चिकटलं की कण विस्कटतात, छिद्रं बुजतात. पाऊस वर साचतो, खाली मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. अशा जमिनीत खत टाकणं म्हणजे बंद दारासमोर ताट ठेवणं. आधी जिप्सम टाकून सोडियम हटवावं लागतं, निचऱ्याचे चर काढावे लागतात, धैंचा किंवा बोरू पेरून गाडावा लागतो, शेततळ्यात पावसाचं गोडं पाणी धरावं लागतं. जिप्सममधून कॅल्शियमबरोबर गंधकही मिळतं, हा या पट्ट्यातल्या सोयाबीन-हरभऱ्याला होणारा वेगळा लाभ. खारपाणाच्या गावांना सुधारणेचा खर्च एकट्याच्या खिशातून करायला लावणं मला अन्यायाचं वाटतं. ही जमीन कोणी बिघडवलेली नाही, ती भूगर्भानंच तशी दिली आहे.

आता ताटाकडे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, तुरीच्या प्रथिनात मेथिओनिन कमी. भाकरीबरोबर वरण खाल्लं की एक दुसऱ्याचं उणं भरून काढतं. ही आपल्या आज्यांची देणगी. पण जस्ताचं उणं असं भरून निघत नाही. मूळचे बिहारमधल्या बक्सरचे डॉक्टर आनंद प्रसाद यांनी इराणमधल्या शिराझ इथे खुंटलेल्या वाढीचे तरुण पाहिले आणि १९६१ साली जस्ताच्या कमतरतेचा संशय मांडला. त्या तरुणांच्या आहारात धान्य भरपूर होतं. त्या धान्यातलं फायटेट जस्ताला बांधून ठेवत होतं. आपली ज्वारी-गव्हावर उभी थाळी त्या आहाराहून फार वेगळी नाही, आणि आपल्या चुनखडीच्या काळीत पिकालाच जस्त नीट मिळत नाही. फिनलंडनं १९८४ मध्ये खतातच सेलेनियम मिसळायचं ठरवलं आणि काही वर्षांत तिथल्या लोकांच्या रक्तातलं सेलेनियम वाढलं. माती, दाणा आणि रक्त एका रेषेत असतात याचा तो मोठ्या प्रमाणावरचा पुरावा आहे.

२०१८ साली परभणीच्या कृषी विद्यापीठानं हैदराबादच्या इक्रिसॅट संस्थेबरोबर ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा वाण दिला. नेहमीच्या ज्वारीत किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आसपास जस्त आणि ३० मिलिग्रॅम लोह असतं. या वाणात जस्त ३२ आणि लोह ४५. ज्वारी वऱ्हाडातून हटत असताना असा वाण यावा याचा मला आनंद आहे, पण वाणाला जस्त स्वतः बनवता येत नाही. ते मातीतूनच यावं लागतं. ज्या वावराच्या तपासणीत जस्त कमी निघालं आहे, तिथे हेक्टरी २५ किलो झिंक सल्फेट दोन-तीन वर्षांतून एकदा पुरतं. ते डीएपीत कालवून पेरू नये, स्फुरद त्याला घट्ट धरून बसतं. दोन्ही वेगवेगळी द्यावीत, आणि झिंक सल्फेट टाकण्याआधी काही दिवस चांगल्या कुजलेल्या शेणखतात मुरवून ठेवावं.